ताईच्या रेडिओची काच

लाखमामाच्या हाताखालून गेलेलं लाकूड आपलं वय विसरतं, असं लोक म्हणायचे. धंदा पॉलिशचा. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापसाचा बोळा मलमलीत गुंडाळायचा, आणि लाकडात तोंड दिसेपर्यंत हात गोल गोल फिरवत बसायचं. या लाखेवरून नाव पडलं लाखमामा, आणि टवाळांनी त्याला शेपूट जोडलं, 'नावात लाख, खिशात राख.' टवाळी खरीच होती, त्यामुळे ती त्याला फारशी लागत नसे.

त्याचा एक नियम होता. सुताराचा हात दिसला तर चालतो, रंगाऱ्याचा दिसला तरी चालतो, पण पॉलिशवाल्याचा हात दिसता कामा नये. चरा, डाग, जळकी कड, उंदराने कुरतडलेला कोपरा, सगळं असं जायला हवं की जणू ते कधी झालंच नव्हतं.

यावर त्याची एक ठेवणीतली गोष्ट होती. नवा माणूस भेटला, की पाणी विचारायच्या आधी ती सांगून मोकळा व्हायचा. एका वकिलाच्या वडिलांची आरामखुर्ची होती. म्हातारबुवांनी जन्मभर त्या खुर्चीत बसून तिचे हात झिजवलेले. कोपर टेकायच्या जागी खळगे पडलेले, आणि पेला ठेवून ठेवून उजव्या हातावर एक पांढरं कडं उमटलेलं. म्हातारबुवा गावाला गेलेले बघून वकिलाने खुर्ची गुपचूप लाखमामाकडे दिली. मामाने खळगे भरले, कडं घालवलं, आरसा करून खुर्ची जागच्या जागी नेऊन ठेवली. म्हातारबुवा आले, बसले. दोन्ही हात टेकवले, जरा इकडेतिकडे सरकवले, उठले आणि मुलाला म्हणाले, "चांगली आहे. आता माझी आण."

एवढं सांगून लाखमामा मांडीवर थाप मारायचा. "खुद्द मालकाला आपली खुर्ची ओळखता आली नाही! याहून मोठं सर्टिफिकेट कोण देणार?"

ऐकणारा पोट धरून हसायचा. आतून मात्र भांडं आपटल्याचा आवाज यायचा. ती मामी, म्हणजे त्याची बायको. "मरेपर्यंत म्हातारा त्या खुर्चीत बसला नाही, तेवढं कधी नाही सांगत," असं ती म्हणायची. पण घरातल्या माणसाचं बोलणं म्हणजे पंख्याचा आवाज, चालू असतो तोवर कुणी ऐकत नाही.

पुढे दिवस फिरले. फर्निचर कारखान्यातूनच चकचकीत कागद चिकटवून यायला लागलं. घासायला काही उरलं नाही, पुसायला फडकं पुरे. लाखमामाच्या परसातल्या शेडमध्ये बरण्या, बोळे, रिकामे डबे आणि तो स्वतः, एवढंच शिल्लक राहिलं. अधूनमधून कुणाचं दार, कुणाची मोडकी तिपाई येई. त्यावर दोघांचं भागत होतं, पण ओढाताणीत. अशातच ताई आली.

ताई त्याची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा याला कडेवर घेऊन तिनेच वाढवलं. साठी उलटलेल्या भावाला ती अजून 'बारक्या'च म्हणे. लग्न होऊन ती लांबच्या गावी गेली. दाजी पंपदुरुस्तीचं काम करायचे. लाखमामाचं त्यांच्याशी वाकडं नव्हतं, पण मनातून तो त्यांना धसमुसळा गडी समजायचा. पंपाचं काम ते काय, पान्याने आवळा नाहीतर हातोडीने ठोका. दाजींच्या घरी टेबल डुगडुगत असेल तर पायाखाली पुठ्ठ्याची घडी, आणि दार लागत नसेल तर सुतळी. बोलायला तर दाजी असे की शब्दाला कर बसतो की काय असं वाटावं. आल्यावर 'या', निघताना 'बरं'. अशा घरी आपली बहीण पडली, याची एक बारीक सल याच्या मनात कायम होती.

मूलबाळ झालं नाही. पुढे ताईला काचबिंदू झाला. नजर एकदम गेली नाही, कडेकडेने आत सरकत गेली, जणू ती एखाद्या अरुंद बोळात शिरली होती आणि बोळ पुढे आणखी अरुंद होत होता. माहेरी तिने कळूच दिलं नाही. भाऊ कधीमधी जायचा, ती चहा करून कप नेमका त्याच्या हातात द्यायची, "वाळलास रे बारक्या," म्हणायची. याला वाटायचं, ताईचे डोळे जरा अधू झालेत. तिला मुळीच दिसत नाही, हे त्याला फार उशिरा आणि तेही तिच्या शेजारणीच्या तोंडून कळलं.

मग दाजी गेले. लाखमामा टेम्पो घेऊन ताईला आणायला गेला. सामान ते काय, एक ट्रंक, एक गाठोडं आणि रेडिओ. जुना, आतले काचेचे व्हॉल्व्ह तापले की बोलणारा, लाकडी पेटीचा, दोन्ही हातांनी कवटाळून उचलावा लागेल एवढा. रस्त्यात टेम्पो खड्ड्यात गेला आणि ट्रंक त्या पेटीवर आदळली. घरी आणून लावला तर आतला दिवा लागेना, आवाज फुटेना. कोपऱ्याचं लाकूड उचकटलेलं. पुढची काच तर आधीपासूनच नव्हती.

ताईने पेटीवर पालथा हात ठेवला. "हाही गेला का?" एवढंच म्हणाली.

त्यानंतर ती खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसली ती बसलीच. नणंद घरात आली की घर हलतं म्हणतात. इथे उलटंच झालं. मामी विचारायची, "वन्सं, जेवायला काय करू?" उत्तर यायचं, "काहीही." "वन्सं, बाहेर ओट्यावर बसता का जरा?" "कुठेही." भांडायला तरी उठावं असं मामीला वाटे, पण ताई भांडायलाही उठत नव्हती.

तरी ते एक वेळ निभलं असतं. पण हाक मारली तरी ती वळेनाशी झाली, तेव्हा तिला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने तपासलं, यंत्र लावून बघितलं आणि लाखमामाला बाजूला घेऊन सांगितलं, कान जात चाललेत. यंत्राने काही काळ निभेल. पुढे तेही नाही.

बाजूला घेऊन काय उपयोग? कान जात चालले असले तरी बाजूला घेतलेलं माणसाला कळतंच. रिक्षात बसल्यावर ताई म्हणाली, "डोळे जाताना सोबत होती रे."

त्याच दिवशी लाखमामाने मनात धरलं. ताईचे कान आहेत तोवर हा रेडिओ बोलला पाहिजे. आणि नुसता बोलून भागणार नव्हतं. तो लाखमामा होता. दुकानातून पहिल्यांदा घरी आला तसा तो झाला पाहिजे, काचेसकट, कापडासकट. ताईला आधी सांगायचं नाही, एकदम समोर ठेवायचा.

"अहो, आवाज आला म्हणजे झालं की," मामी म्हणाली. "वन्संना काय दिसणार आहे तुमचं पॉलिश?"

"अगं, हाताला दिसतं. डोळे गेलेल्या माणसाच्या हाताला सगळं दिसतं. तिचा हात फिरला की तिला वाटलं पाहिजे, संसार आत्ताच मांडलाय."

ताईने एकदा विचारलं होतं, "बारक्या, रेडिओ कुठंय?" "ठेवलाय नीट," म्हणून याने विषय गुंडाळला. शेडमधून लाखेचा आणि स्पिरिटचा वास यायचा, पण तो त्या घराचाच वास होता. तिला संशय यायचं कारण नव्हतं.

आता जुना रेडिओ नवा करायचा म्हणजे पदरी पैका हवा. लाखमामाच्या पदरी होते दोन हात. त्याने तेच खर्चायला काढले.

आधी गाठला घड्याळजी. ऐन उमेदीत तो घड्याळांबरोबर रेडिओही दुरुस्त करायचा. त्याने पेटीची पाठ उघडली, आत तोंड घालून हुंगलं आणि म्हणाला, "जीव आहे. एक व्हॉल्व्ह फुटलाय, बाकी किरकोळ. माझ्याकडे जुन्यातला एक पडलाय."

"पैशाचं काय?"

"तुझ्याकडे पैसे असते तर तू पॉलिश कशाला केलं असतंस? माझं काउंटर बघ. कुत्रंसुद्धा झोपत नाही त्यावर. ते करून दे."

लाखमामाने काउंटर असं केलं की गिऱ्हाईक घड्याळ सोडून त्यातच भांग बघायला लागलं. तिकडे घड्याळजीने व्हॉल्व्ह बसवला, तारा जोडल्या, स्टेशन दाखवणारा काटा सरकवणारी दोरी बदलली. मग तो थांबला.

"मामा, हा काटा बघितलास का? टोक पुढे वाकवलंय. वर दोरा गुंडाळलाय. आता काच नाही म्हणून चाललं, काच असती तर घासला असता."

"काच फुटली असेल, तेव्हाच काटाही वाकला असेल. आमच्या दाजींची दुरुस्ती ती. सुतळी आणि दोरा."

"दोरा गुंडाळलाय मात्र फार निगुतीने."

"चुकून झाला असेल," लाखमामा म्हणाला, आणि दोघं हसले.

पुढचं कापड फाटलेलं होतं. मूळचं तपकिरी, सोनेरी तार असलेलं. तसं कापड आता कुठे मिळणार? पण लग्नाच्या बँडमध्ये बिगुल वाजवणारा एक म्हातारा त्याच्या ओळखीचा होता. त्याच्या जुन्या कोटाचं अस्तर हुबेहूब तसं. अस्तराच्या बदल्यात बिगुलाच्या लाकडी पेटीला पॉलिश ठरलं. अस्तर काढून देताना म्हातारा म्हणाला, "ने. या कोटात मी फार फुंकलंय. आता त्यातून दुसऱ्या कुणाचा आवाज येऊ दे."

राहिली काच. तिथे खरा घाम निघाला. त्या काचेवर दूरदूरच्या शहरांची नावं बारीक अक्षरांत छापलेली असायची. साधी काच कापून बसवणं म्हणजे खोटा दात. लाखमामाने सगळी भंगाराची दुकानं पालथी घातली. शेवटी ती सापडली सायकलवाल्याकडे. त्याच्या दुकानात अगदी तस्साच एक रेडिओ होता, आतलं सगळं कधीच गेलेलं, पोटात पंक्चरचं सामान भरलेलं. काच मात्र शाबूत.

"ती नाही मिळायची," सायकलवाला म्हणाला. "बापाची आठवण आहे."

"बापाच्या आठवणीत ट्यूब कोंबल्यास की."

"ट्यूब काढून घेईन. काच नाही देणार."

लाखमामा रोज जाऊन बसायला लागला. शेवटी सायकलवाला कंटाळून म्हणाला, घराचे सगळे दरवाजे करून दे आणि ने. दरवाजे उन्हाने उललेले, जुने, जाड. ते घासता घासता लाखमामाची बोटं सोलवटली. काच मिळाली त्या दिवशी त्याने ती सदऱ्याच्या आत छातीशी धरून घरी आणली. वाटेत कुणी विचारलं, "मामा, छातीत कळ आली काय?" तर हा हसला आणि आणखी सांभाळून चालला.

आता फक्त लाकूड उरलं. ते त्याचं राज्य. उचकटलेला कोपरा त्याने सरस लावून बसवला, काचकागदाने पेटीचं जुनं पॉलिश उतरवलं. तेव्हा त्याला काट्याच्या फटीखालच्या लाकडी पट्टीवर खिळे दिसले. बारीक, पितळी, काही जवळजवळ, काही लांब लांब, कशाला कशाचा मेळ नाही. "पंपवाल्याचा हात," तो पुटपुटला. काच सुटू नये म्हणून ठोकले असतील, नाहीतर हात शिवशिवले म्हणून. लाकूड दुखावणार नाही अशा बेताने त्याने एकेक खिळा उपटला. डोकी अंगठ्याला मऊ लागली, कडा नव्हत्याच. वापराने झिजली असतील, असं म्हणून त्याने ते खिळे कोपऱ्यातल्या सटरफटर सामानाच्या डब्यात टाकले. भोकांमध्ये मेण आणि लाख भरली. काट्याचा दोरा सोडवला, टोक सरळ केलं. मग बोळा हातात घेतला, आणि कितीतरी दिवस त्याचा हात फक्त गोल फिरत राहिला. शेवटी त्याने पट्टीवरून नख फिरवून बघितलं. खिळे कुठे होते ते त्याचं त्यालाही सापडलं नाही. असं काम फार वर्षांनी झालं होतं. मामीला बोलावून त्याने दाखवलं. "छान झालंय हो," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं.

दुपारची जेवणं झाल्यावर त्याने रेडिओ आतल्या खोलीत आणून मेजावर ठेवला, बटण फिरवलं. व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो. आधी काचेमागे पिवळा उजेड आला, मग खरखर, मग खोल विहिरीतून वर यावा तसा एका बाईचा आवाज. ती पावसापाण्याच्या बातम्या देत होती. आवाज भरदार, गोल. आताच्या डब्यांतून असा येत नाही.

खाटेवर ताईची मान वळली.

"बारक्या?" ती उठली. भिंतीला हात लावत, पण घाईने आली. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडावर हसू होतं. मामीने खुर्ची पुढे सरकवली. ताई बसली. तिचा उजवा हात सरळ बटणावर गेला आणि डावा हात, न शोधता, काट्याच्या जागी.

बोटाचं नख काचेवर टकटकलं.

ती थांबली. बोट काचेवरून कडेपर्यंत गेलं, परत आलं. मग खाली पट्टीवर उतरलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं, पुन्हा या टोकाला आलं. पुन्हा गेलं. लाखमामा वाट बघत होता, की आता ताई म्हणेल, काय रे गुळगुळीत केलंस! ताईने दोन्ही हात काढून मांडीवर ठेवले.

"छान आवाज आहे," ती म्हणाली. "कुणाचा आणलास?"

"कुणाचा म्हणजे? ताई, आपलाच आहे हा!"

"नाही रे." लहान मुलाला समजावावं तसं ती म्हणाली. "आमच्याला काच नव्हती."

"तीच तर बसवली! कुठून कुठून शोधून आणली माहीत आहे का!" आणि हा सांगत सुटला, सायकलवाला, दरवाजे, बिगुलवाल्याचा कोट. ताईने सगळं ऐकून घेतलं. मध्ये हूं हूं करत राहिली.

"आणि खालचे खिळे?"

"काढले. भोकंसुद्धा सापडणार नाहीत तुला."

"नाही सापडली," ताई म्हणाली.

बातम्या संपल्या होत्या. रेडिओवर कुणीतरी सारंगी सुरू केली. ताई तोंड न फिरवता बोलत राहिली, आणि एवढं एका दमात ती त्या घरात पहिल्यांदाच बोलली.

"दिसेनासं झालं तेव्हा मी रेडिओ लावायचा सोडला. स्टेशन लावायला सारखं यांना कशाला उठवायचं? हे काही बोलले नाहीत. तुला माहीतच आहे, ते कुठे बोलायचे. एक दिवस कामावरून आले, बसले आणि काच काढून टाकली. मला वाटलं, आता याचाही पंप करतात की काय. काटा वाकवून बोटाला लागेल असा केला. टोचू नये म्हणून दोरा गुंडाळला. मग मी बटण फिरवायचं, स्टेशन लागलं की 'हं' म्हणायचं, की ते तिथे खाली खिळा ठोकायचे. खिळ्यांची डोकी आधी कानस लावून घासली होती. माझ्या गालावर घासून बघायचे, टोचतंय का." तिने हात उचलून गालाला लावला. "मला वाटलं, कान गेल्यावरही बोटाला ते राहतील."

लाखमामाला त्या क्षणी आठवली ती आरामखुर्ची. म्हातारबुवा बसले, हात सरकवले आणि उठले. इतकी वर्षं हीच गोष्ट तो मांडीवर थाप मारून सांगत आला होता. त्याने मामीकडे पाहिलं. या खेपेला ती काहीच बोलली नाही, भांडंही आपटलं नाही. ते जास्त लागलं.

ताईने रेडिओ बंद करायला सांगितला आणि ती खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली.

दुसऱ्या दिवशी लाखमामाने काच काढली. ज्या हातांनी छातीशी धरून आणली, त्याच हातांनी. मग सटरफटर सामानाचा तो डबा उपडा केला. जन्मभराचे खिळे, स्क्रू, टाचण्या, बिजागऱ्यांचे तुकडे. पितळी खिळे कितीतरी. त्याने एकेक अंगठ्याला लावून बघितला, पण डब्यातले जुने खिळे सगळेच झिजलेले, आणि लाखेने त्याच्या बोटांची कातडी जाड झाली होती. सगळे सारखेच लागले. शेवटी तो डबा घेऊन ताईपुढे जमिनीवर बसला.

"ताई, यातले दाजींचे कुठले?"

ताईने पहिल्यांदा हात पुढे केला नाही. मग केला. तांदूळ निवडावेत तशी तिची बोटं फिरायला लागली. घेई, चाचपे, टाकी. एखादा गालाला लावून बघे. पहिला सापडला तसा तिने तो उचलून त्याच्या तळव्यावर ठेवला. असे एकेक करत सगळे मिळाले, एक सोडून. त्या एकासाठी तिने डबा पुन्हा पुन्हा चाळला. मामीने शेडची जमीन झाडून भुसा चाळला. लाखमामाने तर कचऱ्याच्या ढिगापर्यंत जाऊन पाहिलं. तो गेला तो गेलाच.

मग काटा पुन्हा वाकवला, दोरा गुंडाळला. दाजींइतका निगुतीने काही जमला नाही. ताई बटणाशी बसली आणि लाखमामा हातोडी घेऊन पट्टीशी. जुनी भोकं त्यानेच बुजवली होती, आता भरवसा फक्त तिच्या कानांचा. पण दरम्यान ते आणखी खाली गेले होते. कधी ती नेमक्या जागी "हं" म्हणायची, तर कधी नुसत्या खरखरीवर. पहिल्यांदा असं झालं तेव्हा लाखमामाने मामीकडे बघितलं. मामीने मान हलवली, नाही म्हणून नव्हे, ठोका म्हणून. त्याने ठोकला. जिथे ताईने म्हटलं, तिथे तो ठोकत गेला. आरशासारख्या लाखेला प्रत्येक ठोक्यासरशी बारीक तडा जात होता.

सगळे खिळे संपल्यावरही ताईने बटण थोडं फिरवलं आणि एका जागी बोट टेकवलं.

"इथे होता तो. आमचं दोघांचं ठरलेलं होतं ते. आता तिथे काही लागत नाही, बंद झालं ते स्टेशन कधीच."

"दुसरा ठोकू का?"

"राहू दे. रिकामं आहे तेच बरोबर आहे."

पुढे सायकलवाला एकदा आला, आपली काच कशी शोभते ते बघायला. पेटी बघून तो हबकला. "मामा, कुणी वाट लावली रे याची?"

"मीच."

"आणि हे वेडेवाकडे खिळे?"

"तेही मीच. तुझी काच तेवढी घेऊन जा. बापाची आठवण आहे ना."

सायकलवाला काच घेऊन गेला आणि गावभर सांगत सुटला की म्हाताऱ्याचा हात गेला. लाखमामाने ते कधी खोडून काढलं नाही. खुर्चीची गोष्टही त्यानंतर कुणी त्याच्या तोंडून ऐकली नाही.

ताईचे कान थंडीच्या दिवसांत गेले. एकदमच गेले म्हणायचे. सकाळी मामीने चहा दिला, काही विचारलं, आणि ताई नुसती तिच्याकडे तोंड करून बसून राहिली. तेव्हापासून बोलणं तळव्यावर. मामी तिच्या हातावर बोटाने अक्षरं काढी. नणंद-भावजयीत एवढं बोलणं कान होते तेव्हा कधी झालं नव्हतं. रेडिओ मात्र रोज लावायचा. ताई एक हात पेटीवर पसरायची, आतून व्हॉल्व्हची ऊब यायची, आवाज असला की लाकूड बारीक थरथरायचं. दुसऱ्या हाताचं बोट काट्याबरोबर चालायचं, खिळ्याला अडायचं, पुढे सरकायचं. एका जागी काही नव्हतं. तिथे ते थोडं जास्त थांबायचं.

मग एक दिवस ती म्हणाली, "बारक्या, गार पडलाय रे."

व्हॉल्व्ह गेला होता. घड्याळजी तोवर राहिला नव्हता, त्याच्या दुकानात मोबाइलची कव्हरं लटकत होती. काउंटर तेवढं तेच. लाखमामाने विचारायचं तिथे विचारून पाहिलं. तसला व्हॉल्व्ह कुठे नव्हता, आणि होता असं ऐकलं तिथे त्याच्या दोन हातांच्या मोबदल्यात कुणी काही द्यायला तयार नव्हतं.

तो रेडिओची पाठ उघडून बराच वेळ बसला. ज्याला काचेशिवाय आणि मूळ कापडाशिवाय चालत नव्हतं, त्या माणसाने मग आत एक साधा पिवळा बल्ब लावला. खिळ्याला सुतळीने बांधला. दाजींनी बांधला असता तसाच. पाठ लावली आणि ताईचा हात धरून पेटीवर ठेवला.

ताईने तळवा पसरला. ऊब आली. तिने वाट पाहिली. दुसरा हात पट्टीवर गेला, खिळ्यांवरून फिरला, पुन्हा वर आला. लाकूड थरथरत नव्हतं. ते तिला कळल्याशिवाय राहणार नव्हतं, हे लाखमामाला बल्ब लावतानाच ठाऊक होतं. तो तिच्या खुर्चीशी उभा राहिला.

"बोलत नाही ना?" ताई म्हणाली. तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे ती जरा मोठ्यानेच बोलली. "असू दे. ते तरी कुठे बोलायचे? ऊब आहे ना."

आणि तिने हात तिथेच ठेवला.